बीपीच्या गोळीची ‘सवय’ लागते का?

‘बीपीची गोळी एकदा सुरू केली की शरीराला सवय लागते, मग ती सुटत नाही, म्हणून सुरूच करू नका.’ हा निरोप कितीतरी वर्षं फिरतोय.

गोळी बहुतेकांना कायम घ्यावी लागते, हे खरंच. पण त्याचं कारण सवय नव्हे. गोळी दाब आटोक्यात ठेवते, मूळ आजार घालवत नाही.

गोंधळ होतो तो इथे. अम्लोडिपिन या बीपीच्या नेहमीच्या गोळीचं उदाहरण घ्या. तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. सोमवारी गोळी सोडली तरी बुधवारी आकडा छान येतो आणि वाटतं, गरजच नव्हती की! पुढे दाब हळूहळू चढतो, तोही बहुधा डोकं न दुखता. क्लोनिडिनसारख्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर दाब उसळतो. पण तेही व्यसन नव्हे.

दाब आटोक्यात आहे का, याचा पडताळा घरीच घेता येतो, गोळी न सोडता. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा (चहा अर्धा तास आधीच उरकलेला बरा), मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि आकडे वहीत लिहा. असं सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत 135/85 किंवा त्याहून जास्त म्हणजे दाब वाढलेला.

वजन आणि मीठ कमी केल्यावर काहींची मात्रा खरोखर उतरते, क्वचित गोळी बंदही होते. त्यासाठी ही वही डॉक्टरांपुढे ठेवा.