जमिनीमागोमाग गेलेली भाषा

हळहळताना आपण जिभेने ‘च्च् च्च्’ करतो, पण त्याचा शब्द होत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या नुऊ भाषेत अशा चटकाऱ्यांची 45 व्यंजनं आहेत. काही तर ओठ मिटून काढायची, मुका घेताना होतो तसा आवाज. ते देवनागरीत उतरत नाहीत. इथलं ‘नुऊ’ हे लेखनही अपुरंच.

ही कलहारी वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या खोमानी सान या शिकारी आदिवासींची भाषा. 1931 साली त्यांच्या शिकारीच्या मुलखात कलहारी गेम्सबॉक राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढे त्यांनाच तिथून हुसकावलं गेलं. 1936 मध्ये त्यांच्यातल्या काहींना जोहान्सबर्गच्या एम्पायर प्रदर्शनात लोकांना बघायला ठेवलं होतं. भाषेच्या अभ्यासकांनी तेव्हा नोंदी करून घेतल्या. माणसं मात्र विखुरली, गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला लागली. तिथे आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून आलेली गोऱ्या मालकांची भाषाच चाले, आपली भाषा तोंडातून आली की अपमान. आयांनी ती मुलांना दिली नाही, यात त्यांचा दोष मला तरी दिसत नाही. वर्णद्वेषी सरकारने या लोकांची नोंद ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, म्हणून केली. सान ही ओळख कागदावरूनही गेली. भाषा संपली, असं अभ्यासक धरून चालले.

ती सापडली जमिनीच्या दाव्यामुळे. लोकशाही आल्यावर 1995 मध्ये खोमानींनी आपला मुलूख परत मागितला. आपण इथलेच, हे दाखवायला जुनी माणसं हवी होती. 1997 च्या सुमारास एल्सी फालबोई ही नव्वदी ओलांडलेली आजी पुढे आली. ती नुऊ बोलत होती! मग भाषा-अभ्यासक नायजेल क्रॉहॉल आणि समाजातले लोक गावोगाव फिरले, तेव्हा आणखी वीसेक बोलणारे भेटले. काहींनी कित्येक वर्षांत ती उच्चारलीही नव्हती, कारण समोर बोलणारंच कुणी नव्हतं. त्यांच्या आठवणींतून पाणवठ्यांची, जागांची नावं नकाशावर आली. 1999 मध्ये दावा मान्य झाला आणि सुमारे 40 हजार हेक्टर जमीन मिळाली.

जमीन परत आली, पण बोलणारे एकेक करून गेले. 1933 साली जन्मलेल्या कात्रिना एसाउ यांनी अपिंग्टन शहराजवळ आपल्या घरीच मुलांची शाळा भरवली. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. अभ्यासकांसोबत लिपी आणि वाचनपुस्तिका तयार झाली. 2021 मध्ये भाऊ गेल्यावर अस्खलित बोलणाऱ्या त्या एकट्या उरल्या. त्याच वर्षी त्यांनी सांगितलेली कासव नि शहामृगाची गोष्ट पुस्तकरूपात आली. मुलं त्यांच्याकडे प्राण्यांची नावं, नमस्कार, गाणी शिकायची, आणि घरी जाऊन आफ्रिकान्स बोलायची.