आग्याची लाट, सातेरीचा कोंडमारा

पाण्याच्या उंच टाकीखाली किंवा एखाद्या कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ लांबून काळपट आणि निपचित दिसतं. दुर्बीण लावून जरा वेळ पाहत राहिलं, की मधूनच त्याच्यावरून एक चमक सरकत जाते. स्टेडियममध्ये प्रेक्षक ओळीने उठून बसतात ना, तशी. अशा वेळी आसपास बघावं, बहुतेकदा एखादी गांधीलमाशी घिरट्या घालत असते.

आग्या माशीचा संसार उघड्यावर. एकच मोठं पोळं, कधी मीटरभराहूनही रुंद, आणि त्यावर माश्यांचेच थरावर थर. आपल्याला बाहेरून दिसतो तो हा माश्यांचा पडदा. मेण त्याच्या आत. ना भिंत, ना दार. गांधीलमाशीला या पडद्यातली एखादी माशी उचलून न्यायची असते. एकटीदुकटी माशी तिच्या अंगावर धावून गेली, तर आयतीच तिच्या तावडीत सापडायची. म्हणून पडद्यातल्या माश्या जागा सोडत नाहीत. पाय घट्ट रोवून पोटाचा मागचा भाग झटक्यात वर उचलायचा आणि लगेच खाली आणायचा. शेजारणीने उचलला की आपणही. शेकडो माश्या हे सेकंदभरात उरकतात, आणि लांबून दिसते ती चमकती लाट हीच.

ऑस्ट्रियातल्या ग्राट्स विद्यापीठाचे गेराल्ड कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या मोहोळांवर याचं बारकाईने चित्रीकरण केलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, गांधीलमाशी जवळ आणि वेगात आली की लाटाही जोर धरतात. त्यांच्या माऱ्यामुळे पोळ्यापासून साधारण अर्ध्या मीटरच्या आत तिचं काही चालत नाही. मग ती बाहेर ये-जा करणाऱ्या माश्यांकडे मोर्चा वळवते. म्हणजे धोका टळत नाही, फक्त पोळ्यापासून लांब जातो.

माश्या शत्रू ओळखतात तरी कसा? तिरुवनंतपुरमच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मोहोळासमोर चकत्या हलवून हे तपासलं. उजळ पार्श्वभूमीवर गडद चकती हलली की लाट उठायची. गडद पार्श्वभूमीवर उजळ चकती हलवली तर काहीच नाही, आणि अगदी लहान चकतीलाही दाद नाही. गांधीलमाशीचा रंगरूप, पट्टे, पंख यांच्या भानगडीत माश्या पडत नाहीत. आकाशासमोर पुरेसा मोठा काळा ठिपका हलला की पुरे. मला ही काटकसर फार आवडते. उलटतपासणी करत बसणाऱ्या मोहोळाचं काही खरं नसतं.

समोर मधुबाजासारखा शिकारी पक्षी किंवा माणूस असेल, तर मात्र लाटेवर भागत नाही. मोहोळ उठतं. माशीची काटेरी नांगी आपल्या कातडीत रुतून तिथेच राहते आणि तिच्यासोबत इशाऱ्याचा गंधही. त्यातलं एक रसायन पिकल्या केळ्याच्या वासाचं. त्या वासावर पुढच्या माश्या नेमक्या त्याच जागी येतात. गडावर मोहोळ उठलंच, तर हात झटकत उभं राहण्यापेक्षा तोंड झाकून लांब निघून जाणं शहाणपणाचं, ते यासाठी.

महाबळेश्वरकडे पेट्यांत पाळतात त्या सातेरी मधमाशीची तऱ्हा निराळी. ती झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत राहते. आत अंधार, यायला-जायला अरुंद वाट, त्यामुळे शत्रूला दाराशीच गाठता येतं. जपानमधल्या सातेरीच्या भावंडांची गाठ पडते ती जगातल्या सर्वांत मोठ्या गांधीलमाशीशी. टेहळणीवर निघालेली अशी एखादी गांधीलमाशी पोळ्यापाशी आली, की शेकडो मधमाश्या तिच्यावर तुटून पडून तिच्याभोवती गच्च गोळा करतात. डंख मारत नाहीत. तिच्या जाड कवचापुढे त्याचा फारसा उपयोगही नसतो. त्या उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता तयार करतात. गोळ्याच्या आतलं तापमान 46 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, कार्बन डायऑक्साइडही कोंडतो, आणि गांधीलमाशी जागीच मरते. मधमाश्या तिच्यापेक्षा थोडे अंश जास्त सोसू शकतात. सगळा खेळ या थोड्या अंशांवर चालतो.

तोही फुकट नाही. अशा गोळ्यात सामील झालेल्या माश्यांचं आयुष्य घटतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच माश्या पुढे होण्याची शक्यता जास्त असते, असं जपानी संशोधकांना आढळलं. पण ही टेहळणी करणारी निसटली, तर ती सोबतिणींना घेऊन येते. युरोपातून जपानात नेलेल्या मधमाश्यांना ही युक्ती नीट जमत नाही. वीस-तीस गांधीलमाश्या त्यांच्या तीस हजारांच्या वसाहतीचा तीन तासांत फडशा पाडू शकतात.

राहिली फुलोरी, ही लहानखुरी मधमाशी. तिचं पोळं तळहाताएवढं, झुडपाच्या फांदीला, आणि तिला मुंग्यांची धास्ती. ती पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट राळेचं कडं लावते, मुंग्यांची वाट अडते. त्याहून मोठं संकट आलं तर लढण्याच्या फंदात न पडता सरळ घर सोडते. नवी जागा जवळच असेल, तर मागाहून येऊन जुन्या पोळ्याचं मेणही खरवडून नेते.