दोन औषधांचं कलम

तासगावकडे द्राक्षाची बाग धरताना आधी डॉगरिजची जंगली रोपं लावतात आणि मग त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतात. खारवट जमीन सोसणारी मुळं एकाची, गोड घड दुसऱ्याचे. औषधांचे रेणूही असे जोडता येतात. त्यांना संकरित रेणू म्हणतात.

सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी एके काळी क्षयाच्या सॅनेटोरियममुळे ओळखली जायची. औषध नव्हतं, तेव्हा मोकळी हवा, सकस खाणं आणि विश्रांती एवढाच इलाज होता. 1952 मध्ये आयसोनायझिड वापरात आलं. क्षयाच्या जंतूची मेणचट भिंत ज्या मायकोलिक आम्लापासून बनते, त्याचं उत्पादनच ते बंद पाडतं. गंमत म्हणजे हे औषध आत शिरताना निरुपद्रवी असतं. जंतूचंच कॅट-जी नावाचं एन्झाइम त्याला धार लावतं. ते एन्झाइम बिघडलेल्या जंतूवर मात्र गोळी वाया जाते. अशा जंतूंसाठी दुसरा मारेकरी त्याच रेणूला जोडून पाठवावा, ही संकरित रेणूंमागची एक कल्पना.

आयसोनायझिडच्या एका टोकाला दोन नायट्रोजन एकमेकांना चिकटून असतात. अल्डिहाइड गट असलेला कुठलाही रेणू तिथे सहज जोडता येतो. इतकं सोपं आहे, म्हणूनच असे रेणू ढिगानं बनतात आणि त्यातले फार थोडे पुढे जातात. खरी मेख सांध्यात आहे. सांधा आखूड झाला तर दोन्ही भाग एकमेकांच्या आड येतात, लांबला तर रेणू बोजड होतो. पोटातून घ्यायच्या औषधाचा रेणुभार साधारण 500च्या आत असावा, असा ठोकताळा आहे. आयसोनायझिडचा 137 आहे, म्हणजे जागा आहे. क्षयावरचंच दुसरं औषध रिफॅम्पिसिन एकटंच 823 भरतं. शिवाय सांधा शरीरात सुटावा की टिकावा, हेही आधीच ठरवावं लागतं.

कर्करोगातलं एस्ट्रामस्टिन याचा मासला आहे. पेशी मारणारं नायट्रोजन मस्टर्ड इस्ट्रोजेनच्या पाठीवर बसवून स्तनाच्या गाठीपर्यंत पोचवायचं, असा बेत होता. सांधा इतका चिवट निघाला की मस्टर्डला आपलं काम करायला वावच मिळेना. पण तो जोडलेला रेणू पेशीविभाजनाचा सांगाडाच खिळखिळा करतो, असं दिसलं, आणि औषध शेवटी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी वापरात आलं. आखलं एक, झालं भलतंच!

आपल्याकडे विषय निघाला की हळद येतेच. हळदीतलं करक्युमिन जोडलेले रेणूही बनवले जातात. पण ते रक्तात नीट उतरत नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवून खोटीच आशा दाखवतं, त्यामुळे ‘हळदीनं कर्करोग बरा’ अशा बातम्यांवर माझा तरी भरवसा नाही.

क्षय आणि कर्करोग दोन्हींवर एकच रेणू तपासतात, त्यालाही कारण आहे. डीएनएचा पीळ सोडवणारं जंतूमधलं गायरेज हे एन्झाइम आणि माणसाच्या पेशीतलं टोपोआयसोमरेज-2 एकाच कुळातले. क्षयावर वापरलं जाणारं लेवोफ्लॉक्सासिन पहिल्याला अडवतं, कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन दुसऱ्याला. दोन्हींना लागू पडणारा रेणू निरोगी पेशींनाही सोडणार नाही, अशी भीती असते. म्हणून त्याची चाचणी निरोगी पेशींवरही घेतात, आणि पुष्कळ रेणू तिथेच बाद होतात.