लंगडीतला मोकळा पाय

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी पार्किंगचा एक कोपरा पोरांचा असतो. वॉचमनकाका दोन स्कूटर सरकवून देतात, कुणीतरी खडूने रिंगण आखतं आणि लंगडी सुरू होते. परवा माझी पाच वर्षांची भाची धापा टाकत आली. "मामा, अकरा उड्या मारल्या मी!" उड्या मी मोजल्याच नव्हत्या. माझं लक्ष तिच्या उचललेल्या पायाकडे होतं. तो तिने हाताने मागे घट्ट धरला होता आणि दुसरा हात तोल सावरायला हवेत गरगरत होता.

मुलाला काय 'येतं' हे आपण आकड्यात मोजतो: किती लांब, किती वेगात, किती वेळा. अमेरिकन अभ्यासक डेल उलरिक यांनी १९८५ साली जी चाचणी आणली, तिच्यात हालचाल कशी होते हे पाहिलं जातं. तिचं नाव 'टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट'. सध्याच्या तिसऱ्या आवृत्तीत तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी १३ कौशल्यं आहेत: धावणं, उडी, लंगडी अशी सहा आणि चेंडूची सात. आधी करून दाखवायचं, एकदा सराव द्यायचा, मग दोन प्रयत्न पाहायचे. प्रत्येक कौशल्याचे काही निकष असतात. प्रत्येक प्रयत्नात निकष जमला तर १ गुण, नाही तर ०. सगळे मिळून जास्तीत जास्त १०० गुण.

लंगडीचे निकष चार. मोकळा पाय झोक्यासारखा पुढे झुलतो का? तो टेकलेल्या पायाच्या मागेच राहतो का? हात कोपरात वाकून पुढे झेपावतात का? सलग चार उड्या होतात का? भाचीच्या अकरा उड्यांना यातला शेवटचा निकष नक्की मिळाला, झोक्याचा आणि हातांचा मात्र गेला. झुलणारा पाय शरीराला पुढे आणि वर ओढतो. तोच धरून ठेवला की सगळा भार एका पायाच्या स्नायूंवर पडतो, धाप त्याचीच. लहानपणी नौपाड्यात आमच्याकडे पाय हाताने धरला की आऊट. तेव्हा तो नियम उगाच जाचक वाटायचा.

चेंडू फेकण्यात तर आणखी गंमत आहे. नवखं मूल समोर तोंड करून उभं राहतं आणि नुसता हात हलवतं. पाय टाकलाच तर उजव्या हातासोबत उजवाच. सरावलेलं मूल आडवं वळतं, विरुद्ध पाय पुढे टाकतं, मग कंबर, खांदा आणि सर्वांत शेवटी हात, चाबूक फटकारावा तसा. लगोरीत मात्र तीन पावलांवरून नवख्याचाही नेम लागतो आणि आपण म्हणतो, वा! जवळून अलगद फेकताना हे वळणं लागतच नाही. म्हणून चाचणीत टेनिसचा चेंडू सुमारे सहा मीटरवरून भिंतीवर जोरात फेकायला सांगतात.

आमच्या पार्किंगमध्ये नेमकं हेच कुणी सांगत नाही. "हळू रे, काच फुटेल" ऐकत वाढलेल्या पोराने पूर्ण ताकदीने फेकायला शिकायचं कुठे? ही कौशल्यं वयाबरोबर आपसूक पिकत नाहीत. जागा, सराव आणि कुणीतरी दाखवणारं लागतं.

अर्थात वयाचं भान हवंच. तीन वर्षांचं मूल चेंडू छातीशी कवटाळून झेलतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. शिवाय चाचणीत मुलाची तुलना अमेरिकन मुलांशी होते. चाचणीतल्यासारखा स्टँडवर ठेवलेला चेंडू बेसबॉलसारख्या आडव्या बॅटने मारा म्हटलं, तर आमची पोरं आधी बॅट जमिनीला टेकवून स्टान्स घेणार.

भाचीला म्हटलं, पाय सोड बघू. पहिल्या उडीलाच ती कलंडली. चौथ्या खेपेला मोकळा पाय झुलू लागला आणि उड्या झाल्या सात.

"बघ मामा, तुझ्यामुळे कमी झाल्या," म्हणत ती रुसून लिफ्टकडे निघाली.