थर्मल आणि नाइट व्हिजन: राखणीला बसणाऱ्यांसाठी

गणपती गेले की आमच्या देवगड तालुक्यात भात पसवायला लागतं. दाण्यात दूध भरलं की डुकरं उतरतात. कळप एका रात्रीत कोपरा लोळवून टाकतो आणि खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. म्हणून माळा (मचाण) घालून राखणीला बसणं आलं. डबा बडवणं, आगटी पेटवणं, बॅटरी मारणं हे सगळं अजून चालतंच, पण अलीकडे मुंबईला असलेली वाडीतली मुलं फोन करून एकच गोष्ट विचारतात: "काका, रात्री दिसणारी दुर्बीण घेऊन पाठवतो, कुठली घेऊ?"

अडचण त्या "रात्री दिसणारी" शब्दांत आहे. त्या नावाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जातात: नाइट व्हिजन आणि थर्मल. कधी जाहिरातीत दोन्ही नावं एकाच खोक्यावर छापलेली असतात. तिसरा प्रकार तर शुद्ध फसवणुकीचा: साध्या दुर्बिणीच्या काचेला हिरवट-लाल झाक दिलेली असते आणि अंधारात तिच्यातून काळोखच दिसतो. तो प्रकार बाजूला ठेवू. उरलेल्या दोघांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण चुकीचं यंत्र घेतलं तर नुसते पैसे जात नाहीत, एखाद्याचा जीवही जाऊ शकतो.

नाइट व्हिजनला उजेड लागतो. जुन्या पद्धतीच्या नळीच्या यंत्रात चांदण्याचा, ताऱ्यांचा मिणमिणता उजेड हजारो पटींनी वाढवून हिरव्या पडद्यावर दाखवतात. आज स्वस्तात मिळतं ते डिजिटल, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याचाच भाऊबंद. आपल्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही त्याला दिसतो, म्हणून त्याच्यासोबत अवरक्त टॉर्च येतो. त्यावर 850 किंवा 940 असा आकडा असतो. तो प्रकाशाच्या तरंगलांबीचा, नॅनोमीटरमधला. 850 चा टॉर्च लांब पोचतो, पण समोरून पाहिलं तर बारीक लाल ठिपका दिसतो. 940 चा दिसत नाही, पण त्याची मजल कमी. चित्र काळं-पांढरं असलं तरी ते चित्रच असतं: कान, शिंग, शेपूट, काठी, लुंगी, सगळं ओळखू येतं.

थर्मलला उजेडाचं काही देणंघेणं नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे उष्णतेचे किरण सोडत असते. थर्मल त्यातले साधारण 8 ते 14 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे किरण टिपतं आणि तापमानाच्या फरकाचं चित्र काढतं. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून त्याचं भिंग जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या पदार्थाचं असतं. थर्मल महाग असण्याचं ते एक कारण. खिडकीच्या काचेतून बाहेर पाहायला गेलात तर काचच दिसेल. उलट, पातळ झुडपाआड बसलेलं जनावर फटीफटीतून उजळलेलं दिसतं. नाइट व्हिजनमध्ये तिथे नुसती पानं चमकतात.

हे ऐकून थर्मलच भारी वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्यांदा एकाकडून मागून आणलं आणि तिन्हीसांजेला सड्याकडे, म्हणजे कातळाच्या माळाकडे, तोंड करून पाहिलं, तर सगळा सडा उजळलेला. दिवसभर तापलेला कातळ सूर्य बुडाल्यावर कितीतरी वेळ ऊब धरून असतो, गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरेही तसेच. त्यात जनावर कुठलं आणि दगड कुठला, काही कळेना. कातळ निवल्यावर, मध्यरात्रीनंतर, तेच यंत्र लख्ख चालायला लागलं. पावसाची सर येऊन गेली की पुन्हा फिकं, कारण भिजल्यावर सगळ्यांचं तापमान एका पातळीवर येतं. चिखलात लोळून आलेलं डुक्करसुद्धा अंगावरचा लेप सुकेपर्यंत मंदच दिसतं. धो धो पावसात दोन्ही यंत्रं थकतात. धुक्यात मात्र नाइट व्हिजनचे हाल जास्त होतात, कारण त्याचा स्वतःचाच टॉर्च धुक्यावर आपटून पांढरा पडदा उभा करतो.

पण मला सांगायचंय ते पुढचंच. त्याच आठवड्यात पहाटेच्या सुमाराला व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला एक उजळ आकार दिसला. आडवा, बुटका, खाली मान घालून हळूहळू सरकणारा. डुक्करच, मला शंका नव्हती. मी डबा हाणला तसा तो आकार उभा राहिला आणि आवाज आला, "कोण आसा रे थंय?" शेजारचे आबा खेकडे पकडायला गेले होते. मी विचारलं, "आबानू, बॅटरी खंय तुमची?" तर म्हणाले, "सेल संपले रे झिला." माझ्या हातात डबा होता. डब्याच्या जागी बंदूक असती तर काय, हा विचार अजून पाठ सोडत नाही. कोकणात डुक्कर समजून माणसावर गोळी झाडली गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

माझे डोळे तेव्हा का चुकले, त्याचा हिशोब साधा आहे. 12 मायक्रॉनचा पिक्सेल (यंत्रातला किरण टिपणारा एक बारीक कण) आणि 25 मिलिमीटरचं भिंग असलं तर 100 मीटरवर चित्रातला एक ठिपका सुमारे 5 सेंटिमीटरचा पडतो. सव्वा मीटरचं डुक्कर म्हणजे 25 ठिपके. वाकलेला माणूस वीसेक. 500 मीटरवर तेच डुक्कर 5 ठिपके. खोक्यावर लिहिलेला मोठा पल्ला हा "काहीतरी आहे" एवढंच कळण्याचा असतो, काय आहे ते कळण्याचा नव्हे. झूम वाढवलं तर ठिपके मोठे होतात, नवे येत नाहीत.

नाइट व्हिजनमध्ये आबा ओळखू आले असते. पण तिथेही एक फसगत आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. भेकर, उदमांजर, बिबट्या, गुरं यांच्या डोळ्यांच्या मागे आरशासारखा थर असतो, म्हणून टॉर्च पडला की डोळे पेटतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नाही. माणसाच्याही नाही. तेव्हा "डोळे चमकत नाहीत, म्हणजे डुक्कर" असा ठोकताळा कोणी सांगितला तर तो तिथल्या तिथे खोडा. पूर्ण आकार, पाय आणि चाल दिसेपर्यंत काहीच ठरवायचं नाही.

इंटरनेटवर या यंत्रांची जी परीक्षणं दिसतात त्यातली बरीचशी अमेरिकेतली, रायफलवर बसवायच्या स्कोपची असतात. टेक्सासमध्ये मोकाट डुकरांची शिकार रात्रीही चालते, हरणांची मात्र तिथेही रात्री करता येत नाही. त्यांचं रान, त्यांचा कायदा वेगळा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायचं तर कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना ही वेगळी गोष्ट आणि ही परवानगी वेगळी. या दोघांचीही लोक सर्रास गल्लत करतात. म्हणून मी बोलतोय ते हातात धरायच्या यंत्रांबद्दल.

मग घ्यायचं काय? एकच घेणार असाल तर माझं मत डिजिटल नाइट व्हिजन आणि सोबत चांगला 850 चा टॉर्च. थर्मलच्या मानानं ते कितीतरी स्वस्त पडतं, आणि आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे रात्रीही व्हाळावर, पाणंदीत माणूस असतो, तिथे "कोण आहे" हे कळणं "काहीतरी आहे" यापेक्षा मोलाचं. चार घरांनी मिळून थर्मल घेतलं तर उत्तमच: माळ्यावरून आधी त्यानं मळा फिरून पाहायचा, उजळ ठिपका सापडला की नाइट व्हिजन लावून ओळखायचा, मग डबा वाजवायचा. थर्मल घेताना पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो ते विचारा. 9 वेळाच बदलत असेल तर पळणारं जनावर तुटक तुटक दिसतं, 50 वेळा असेल तर सलग.

सायकलच्या मागे लावतात ती चकाकणारी पट्टी नाइट व्हिजनमध्ये चांदणीसारखी पेटते, थर्मलमध्ये ती तशी चमकत नाही. आबांच्या टोपीला आणि खेकड्यांच्या डब्याला मी तशी पट्टी चिकटवून दिली आहे.