क्रॅश गेम: जोखीम आणि शिस्त

क्रॅश गेम म्हणजे मोबाइलवरचा जुगार, ज्यात एक आकडा 1.00 पासून वर चढत जातो, सोबत विमान नाहीतर रॉकेट उडताना दिसतं आणि ते कधीही फट्कन गायब होतं. त्याआधी कॅशआउट दाबलं तर लावलेली रक्कम गुणिले तो आकडा, नाही दाबलं तर सगळं गेलं. 2014 च्या सुमारास बिटकॉइनवाल्या साइटवर हा प्रकार आला, पण आपल्याकडे पोरापोरांच्या तोंडी झाला तो स्प्राइब कंपनीच्या 2019 मधल्या एव्हिएटरमुळे. खेळ दोन मिनिटांत समजतो, म्हणून लोक मग 'सिस्टीम' शिकायला लागतात, आणि शिस्त या शब्दाचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एव्हिएटरचा जाहीर परतावा 97 टक्के आहे. कुठल्याही आकड्यापर्यंत विमान पोचायची शक्यता काढायची तर 97 ला त्या आकड्याने भागा, साधारण बरोबर येतं. 2 वर काढायचं ठरवलं तर 48.5 टक्के, 10 वर 9.7 टक्के. 1.10 वर काढणारे स्वतःला एकदम सेफ समजतात कारण 88 टक्के वेळा जिंकतात, पण शंभरावर मिळतात दहा आणि एकदा फुटलं की दहा वेळची कमाई एका झटक्यात साफ. कुठेही काढा, लावलेल्या शंभरामागे सरासरी तीन रुपये जातातच. हे शिस्तीने बदलत नाही, अनुभवाने बदलत नाही, दोन बेट एकदम लावून तर अजिबात नाही.

आता कोणी म्हणेल तीनच रुपये ना, मग मटक्यापेक्षा बरं. गोव्यात मटका कोणाला समजावून सांगायला नको. सिंगल आकडा लागायची शक्यता दहात एक, पैसे मिळतात साधारण नऊपट, म्हणजे शंभरामागे दहा रुपये जातात, कागदावर मटकाच जास्त खातो. पण ओपनला म्हणजे दिवसाच्या पहिल्या निकालाला शंभर आणि क्लोजला म्हणजे दुसऱ्या निकालाला शंभर लावणाऱ्याचे दिवसाला दोनशे फिरतात, सरासरी वीस रुपये गेले आणि माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत मोकळा. क्रॅशमध्ये अर्ध्या मिनिटाला एक फेरी धरली तर तासाला 120, शंभरची बेट असेल तर 12,000 रुपये फिरले, सरासरी 360 गेले, तेही खिशात फक्त हजार घेऊन बसलेल्याचे, कारण तेच पैसे पुन्हा पुन्हा लागत असतात. नुकसान मोजायचं ते जमा केलेल्या पैशांवर नाही, फिरलेल्या पैशांवर, आणि हे न कळल्यामुळे 'मी तर थोडंच खेळतो' असं म्हणणारे भरपूर.

पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत एकदा शेजारी उभ्या पोराचा मोबाइल दिसत होता. मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी, आणि याचं लक्ष विमानावर. 2 वर काढणार असं मित्राला सांगून बसलेला, आकडा 2 झाला, अंगठा वरच, 2.6, 2.9, आणि फुटलं. पुढच्या फेरीला डबल लावले, तेव्हा मात्र घाबरून 1.2 लाच काढले. बेतीचा धक्का येईस्तोवर आठ-दहा फेऱ्या झाल्या असतील. ऑटो-कॅशआउट याच्यासाठीच असतं, आकडा आधीच टाकून ठेवायचा आणि हात खिशात घालायचा. त्याने शक्यता सुधारत नाही, फक्त अंगठ्याचा हट्ट बाजूला राहतो.

हरलं की डबल, ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घातक सिस्टीम. 100 पासून सुरू करून सात वेळा ओळीने हरलात तर गेले 12,700 आणि आठव्या बेटला 12,800 पाहिजेत, तेही जिंकलात तर नफा शंभर रुपये. 2 वर काढणाऱ्याला कुठल्याही सात फेऱ्यांत असं व्हायची शक्यता एक टक्क्याच्या आसपास, पण रोज शंभर-दोनशे फेऱ्या खेळणाऱ्याला ही ओळ काही दिवसांतच गाठते. वरच्या पट्टीवर मागचे आकडे दिसतात, 1.04, 1.31, 1.12, मग वाटतं आता मोठं येणारच, मटक्याचे चार्ट घेऊन बसणाऱ्यांचंही हेच. विमानाला मागचं काही आठवत नाही. एव्हिएटरमध्ये निकाल सर्व्हरच्या गुप्त कोडवरून आणि पहिल्या तीन बेटवाल्यांच्या कोडवरून बनतो, खेळाडूला तो नंतर तपासता येतो पण आधी कळत नाही, त्यामुळे टेलिग्रामवर सिग्नल विकणारे आणि प्रेडिक्टर ॲपवाले सरळ फसवतात.

मग शिस्तीचा उपयोग काय, तर नुकसानाला बांध घालायला. गेले तरी चालतील एवढेच पैसे वेगळ्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये ठेवायचे, पगाराच्या खात्याचं यूपीआय त्या ॲपला जोडायचंच नाही, एका बेटला त्या रकमेच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त नाही, आणि बंद करायची वेळ घड्याळावर ठरवायची, जिंकण्या-हरण्यावर नाही. जिंकलेले लगेच काढून घ्यायचे, कारण ॲपमध्ये पडलेले पैसे आपले वाटत नाहीत. उसने घेऊन खेळायला लागलात तर तो शिस्तीचा विषय राहिलाच नाही, बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत दाखवा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, व्यसन म्हणून यावर उपचार आहेत.

कायद्याचं म्हणाल तर गोव्याचा 1976 चा जुगार कायदा 1992 आणि 1996 मध्ये बदलून आधी पंचतारांकित हॉटेलात जुगाराची मशिन्स आणि मग जहाजांवर खेळ आले, 2020 च्या फेब्रुवारीपासून गोंयकारांना मात्र कॅसिनोत खेळायला बंदी. जहाजावर चढता येत नाही आणि खिशातला कॅसिनो चोवीस तास उघडा, अशी गंमत होती. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या केंद्राच्या कायद्यात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण बाहेरच्या साइट चालूच असतात, पैसे कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यातून फिरतात, आणि जिंकलेले त्याच मार्गाने तुमच्या खात्यात आले की पोलिसांच्या तक्रारीत तुमचंही खातं गोठू शकतं. तेव्हा बँकेत जाऊन हे पैसे कुठून आले ते तुम्हालाच सांगावं लागतं.