बर्डीहून शेवटच्या स्टॉपपर्यंत: नागपूरच्या सिटी बसची पार्श्वभूमी

नागपूरला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. दीक्षाभूमी, झीरो माइल, संध्याकाळी फुटाळा तलाव आणि रात्री सावजीचं झणझणीत जेवण. उरलेलं शहर पाहायचं असेल तर सोपा उपाय आहे: बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीहून, सिटी बस धरायची आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत उतरायचं नाही. कारण इथले बसमार्ग कोणी एका बैठकीत आखलेले नाहीत. शहर ज्या कारणाने ज्या दिशेला वाढलं, त्या दिशेला बस मागाहून गेली.

सगळ्या बस बर्डीलाच का येतात, याचं उत्तर १८१७ पर्यंत मागे जातं. त्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला आणि मग टेकडीवर किल्ला बांधला. पूर्वेला भोसल्यांचं जुनं शहर, म्हणजे महाल आणि इतवारी. पश्चिमेला साहेबांची सिव्हिल लाइन्स. मधोमध बर्डीचा बाजार. १८६७ मध्ये रेल्वे आली तीही याच टेकडीच्या पायथ्याशी. त्यामुळे आज बर्डीतल्या मोर भवनच्या बस स्टँडवर कंडक्टर बसच्या पत्र्यावर थाप मारून ‘पारडी, पारडी’ किंवा ‘हिंगणा, हिंगणा’ ओरडत असतो, तेव्हा तो शहराच्या दोन अर्ध्यांच्या शिवेवर उभा असतो.

जुन्या शहराला बसची फारशी गरजच नव्हती. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. मिल आणि दाट वस्ती जवळजवळ असल्याने लांबच्या प्रवासाचा प्रश्न नव्हता. पुढे सायकल आणि सायकलरिक्षाने उरलंसुरलं काम भागवलं. महालात आजही गांधी गेट, बडकस चौक या भागात उतरून पायीच फिरावं लागतं. गोंड राजांचा किल्ला तसाच, गल्लीबोळांतून विचारत विचारत गाठायचा. हे शहर वसवलं देवगडच्या बख्त बुलंदशहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. पण भोसल्यांच्या नावापुढे गोंड राजांची आठवण इथे मागेच राहते, हे मला कायम खटकतं.

बस कोणाची, याची कथा जरा वाकडी आहे. मुंबईला बेस्ट होती, पुण्याला पीएमटी होती. नागपूर महापालिका १९५१ मध्ये झाली, पण तिने स्वतःची बस चालवली नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. मध्य प्रांताच्या काळापासूनची इथली सरकारी बससेवा पुढे एसटी महामंडळात मिसळली आणि शहरातली बसही एसटीच चालवत राहिली. माझ्या मते नागपूरच्या सिटी बसला गावाकडे धावायची सवय इथूनच लागली. कामठी, हिंगणा, बुटीबोरी ही शहराबाहेरची ठिकाणं, तरी तिथे जाते ती सिटी बसच. २००७ मध्ये महापालिकेने खाजगी कंपनीकडे काम दिलं, ‘स्टार बस’ आली. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या हिरव्या बसचा गाजावाजा झाला, काही वर्षांत तीही थांबली. आता ‘आपली बस’ आहे. पाट्या बदलल्या, रंग बदलले, दिशा मात्र जवळपास त्याच.

त्यातली कामठीची दिशा सगळ्यात जुनी. भोसल्यांवर नजर ठेवायला इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी छावणी वसवली, तिच्यासाठीचा हा रस्ता. वाटेत कडबी चौकाजवळ मोतीबाग आहे. सातपुड्यात धावणाऱ्या नॅरोगेजच्या गाड्यांचं संग्रहालय तिथे २००२ पासून आहे. कितीतरी नागपूरकरांनी ते पाहिलेलं नाही. पुढे इंदोरा, आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. त्याच्या बाजूला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचं जरीपटका. एकाच तिकिटात छावणी, रेल्वे, चळवळ आणि फाळणी.

उमरेड रोडला सक्करदऱ्यापुढे मोठा ताजबाग लागतो. १९२५ मध्ये निधन झालेल्या बाबा ताजुद्दीन यांचा दर्गा तो. त्यांना मनोरुग्णालयातून सोडवून सक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं ते एका भोसले राजानेच. उर्सात या बसमध्ये उभं राहायला जागा नसते.

त्याच्याही पुढचं नागपूर फार नवं. शेतं तुकड्यांनी विकली गेली, लोकांनी प्लॉट घेऊन घरं बांधली, रस्ते-नाल्या मागाहून. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर, म्हणजे असे तुकडे नियमित करणाऱ्या कायद्यानंतर, ती नियमित करायचं काम नागपूर सुधार प्रन्यासकडे आलं. सरकारी भाषेत हे ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आऊट, आकडे हीच त्यांची ओळख. नरसाळा, पिपळा, बेसा या बाजूला गेलात की अर्धवट सिमेंट रोड, रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत आणि त्यातच तीन मजली घर असं दृश्य दिसतं. बस तिथे कमी फेऱ्यांची, म्हणून परतीची वेळ ड्रायव्हरलाच विचारून ठेवावी.

२०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचा नकाशा पाहून हसू आलं होतं. दोन मार्ग, चार टोकं: खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, प्रजापतीनगर, लोकमान्यनगर. म्हणजे वर्धा रोड, कामठी रोड, पारडीची बाजू आणि हिंगणा. दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात ते सीताबर्डीलाच. जे मोठे रस्ते बसने वर्षानुवर्षे भरून दाखवले, तेच मेट्रोने घेतले. मधल्या फाकी बसकडेच राहिल्या: ताजबाग, दिघोरी, नरसाळा, मानकापूरवरून कोराडी. कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी आणि तिथलं जगदंबेचं मंदिर एकाच खिडकीतून पाहायचं असेल तर अजून तरी मेट्रोचा उपयोग नाही.